पोस्टग्रेसच्या पोटात शिरायचंय, सुरुवात कुठून करू?

पालवी (धागाकर्ता) | ३ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. देवगडजवळच्या एका गावातून लिहितोय. इथल्या आंबा बागायतदारांसाठी पेट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर गेली काही वर्षं सांभाळतो. खाली सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. एसक्यूएल बऱ्यापैकी येतं. सी कॉलेजात शिकलो होतो, नंतर कामात कधी लागलं नाही.

यंदा एप्रिलमध्ये एक प्रकार झाला. पेटीची स्थिती ठेवणारं आमचं एक टेबल आहे: भरली, गाडीत चढली, वाशीला उतरली, विकली. ओळी जेमतेम काही हजार, पण दिवसभर त्याच त्या अपडेट होतात. हंगाम भरात आला आणि साधी यादी उघडायलाही वाट बघावी लागू लागली. पाहिलं तर टेबलाची फाइल शेकडो एमबी. मेलेल्या, म्हणजे जुन्या झालेल्या, ओळींचा केर आपोआप काढणारा ऑटोव्हॅक्यूम चालू होता, लॉगमध्ये त्याच्या फेऱ्याही दिसत होत्या, तरी मेलेल्या ओळी हलत नव्हत्या. दोन रात्री जागून कारण सापडलं. शेडमधल्या एका संगणकावर आमचाच प्रोग्राम सकाळी पहिली नोंद करायचा आणि ट्रान्झॅक्शन संध्याकाळपर्यंत उघडाच ठेवायचा. योग्य जागी कमिट (ट्रान्झॅक्शन पूर्ण करून बंद करणं) घातला, टेबल एकदा नव्याने लिहून घेतलं, काम झालं.

पण तेव्हापासून चैन नाही. ओळ मरते म्हणजे नेमकं काय होतं? ती मेली हे ठरवतं कोण? एका संगणकाने दार उघडं ठेवलं म्हणून सगळ्या घराचा केर का अडतो? हे मला कोडमध्ये बघायचंय, आणि जमलं तर या प्रकल्पाला हातभारही लावायचाय. सोर्स उतरवून घेतला. दहा लाखांहून जास्त ओळींचा कोड आहे, कुठलं फोल्डर आधी उघडावं तेच कळेना. आता आंबा संपलाय, पावसाचे महिने हातात आहेत. शहरात कुणाच्या शेजारी बसून शिकणं मला शक्य नाही. इथूनच जे होईल ते. जाणकारांनी वाट दाखवावी.

खाजणकाठ | ४ जून, सकाळी ७:५०

पालवी, तुमच्याकडे एक खरा प्रश्न आहे, आणि याच्याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. सगळा कोड समजून घेऊन मग काम करू, असं ठरवणारे बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात सोडून देतात. तुम्ही फक्त त्या एका मेलेल्या ओळीच्या मागे चला. ती जिथे जिथे नेईल ती फोल्डरं तुमची.

माझे आजोबा राजापूरला दुकानात हिशेब लिहायचे. आधी रोजकीर्द, मग खतावणी. रोजकिर्दीत नोंद पडल्याशिवाय खतावणीला हात लावायचा नाही, आणि चुकलं तरी खाडाखोड करायची नाही, खाली नवी ओळ लिहायची. पोस्टग्रेसचा साठवणीचा भाग मला या दोन नियमांमुळे समजला. रोजकीर्द म्हणजे वॉल (राइट-अहेड लॉग, बदलांची आधी लिहायची नोंदवही), १६ एमबीच्या तुकड्यांत लिहिली जाणारी. टेबलाची फाइल पानांत विभागलेली असते; बदललेलं पान डिस्कवर जाण्याआधी त्याची वॉलमधली नोंद डिस्कवर पोचलेली असलीच पाहिजे. आणि अपडेट म्हणजे खाडाखोड नाहीच. जुनी ओळ जागेवर राहते, तिच्यावर 'अमुक ट्रान्झॅक्शनने हिला संपवलं' अशी खूण पडते, आणि नवी ओळ वेगळी लिहिली जाते.

हा स्वभाव प्रकल्पाच्या जन्मापासूनचा आहे. १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी काम सुरू केलं, तेव्हाच जुन्या नोंदीवर लिहायचं नाही असं ठरलं होतं. त्या काळी व्हॅक्यूम जुन्या ओळी वेगळ्या संग्रहात नेऊन ठेवायचा, म्हणजे मागच्या तारखेची स्थितीही विचारता यावी. तो संग्रह पुढे गेला, व्हॅक्यूम राहिला.

आता प्रत्यक्ष काम. कोड स्वतः बांधा. कॉन्फिगर करताना एनेबल-डीबग आणि एनेबल-कॅसर्ट हे दोन्ही पर्याय द्या, आणि कंपायलरचं ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवा, नाहीतर डीबगरमध्ये ओळी उड्या मारतात. दुसरा पर्याय म्हणजे लागतील तेवढे असर्ट चालू करणं. कोड लिहिणाऱ्यांनी 'इथे असंच असलं पाहिजे' म्हणून हजारो ठिकाणी लिहून ठेवलंय, आणि तुम्ही चुकलात की सर्व्हर तिथल्या तिथे थांबतो. इतका प्रामाणिक शिक्षक मिळत नाही. मग मेक चेक चालवा. सगळ्या चाचण्या पार झाल्या की पाया तयार.

त्यानंतर कॉन्ट्रिब फोल्डरमधलं पेजइन्स्पेक्ट (पानाच्या आत बघू देणारं साधन) बसवा. एक छोटं टेबल करा, एक ओळ घाला, तीनदा अपडेट करा आणि हीप-पेज-आयटम्स फंक्शनने पान उघडून बघा. काय दिसतं ते इथे लिहा. उत्तर मी आत्ता सांगत नाही.

दर्यावर्दी | ४ जून, दुपारी १:३०

मिया मालवणचो. तुका काय लागला तर हयसरच इचार, लाजा नको.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. आपल्याकडे जून लागला की वीज आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही, तेव्हा दोन गोष्टी आधीच करून ठेव. गिटने कोड क्लोन करताना (उतरवताना) पहिल्यांदा डेप्थ एक देऊन फक्त आजचा कोड घे, कामाला लाग. मग एखाद्या रात्री रेंज चांगली असेल तेव्हा सगळा इतिहास उतरव. तो लागतोच. एखादी ओळ अशी का लिहिलीय हे कोडमध्ये कळलं नाही, तर गिट ब्लेमने तिचा कमिट, म्हणजे ती ओळ आणणाऱ्या बदलाची नोंद, शोधायचा. टॉम लेन यांच्यासारख्या जुन्या लोकांचे कमिट संदेश परिच्छेदच्या परिच्छेद असतात, वाचत राहावेत असे. दुसरं म्हणजे दस्तऐवज सोर्ससोबतच येतात. डॉक फोल्डरमधून ते एकदा बांधून ठेव, इंटरनेट नसताना वाचता येतात. शिवाय बॅकएंडच्या कितीतरी फोल्डरांत रीडमी फाइल्स आहेत: बफर, लॉक, ट्रान्झॅक्शन, बी-ट्री, प्लॅनर. मी मागच्या पावसाळ्यात त्या छापून घेतल्या आणि कंदिलाच्या उजेडात वाचल्या.

आणि वीज गेलीच तर त्याचाही अभ्यास होतो. चाचणीच्या सर्व्हरवर हजारभर ओळी घाल आणि पीजी-सीटीएलला इमिजिएट मोडमध्ये थांबव. म्हणजे वीज गेल्यासारखंच, आवराआवर न करता. परत चालू कर आणि लॉग वाच. रीडू (वॉल वाचून बदल पुन्हा करणं) कुठून सुरू झाला, कुठे संपला, सगळं लिहिलेलं असतं. पीजी-वॉलडम्पने त्या नोंदी एकेक करून बघता येतात. खाजणकाठ म्हणतात ती रोजकीर्द ती हीच.

सुरंगी | ५ जून, रात्री ९:०५

पालवीदादा, मी रत्नागिरीत शिकवते. सी माझंही कच्चं होतं. मी वेगळ्या दारातून आत गेले, ते सांगते, कारण ते दार फक्त मराठी माणसालाच दिसतं.

विद्यार्थ्यांसाठी कोकणातल्या गावांची यादी केली होती. क्रम लावला तर वेळास आधी आलं आणि वेसवी नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे वेसवी आधी हवं. तसंच केसरी आधी आणि केळशी नंतर. कारण शोधलं. युनिकोडमध्ये ळ ला ल च्या लगेच पुढचा क्रमांक आहे, आणि सी कोलेशन (क्रम लावण्याचा एक नियम) नुसते बाइट बघतं. क्ष चं तर आणखीच वेगळं, तो क च्या पोटात जाऊन बसतो, कारण तो साठवला जातो क, हलन्त आणि ष असा. मग आयसीयू या भाषांचे नियम सांभाळणाऱ्या लायब्ररीचं मराठी कोलेशन लावलं. ही सोय १० व्या आवृत्तीपासून आहे, २०१७ पासून. क्रम लागला: ह, ळ, क्ष, ज्ञ.

इथवर कुणीही येईल. मी पुढे गेले ते एका प्रश्नामुळे: आयसीयूने उद्या हा क्रम किंचित बदलला तर जुन्या इंडेक्सचं काय? बी-ट्री म्हणजे क्रमाने लावलेली पानं. क्रमाचा नियमच बदलला तर जी ओळ आहे ती 'नाही' म्हणून उत्तर येईल. म्हणून पोस्टग्रेस कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवतं आणि ती जुळली नाही तर इशारा देतं. मग इंडेक्स नव्याने बांधायचा. हा इशारा कुठून येतो ते शोधता शोधता मी कॅटलॉग (टेबलांची माहिती ठेवणारी अंतर्गत टेबलं), लोकेल आणि बी-ट्री अशा तिन्हीकडे फिरून आले. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये आयसीयू कोलेशनची वेगळी फाइल आहे. तिचं एसक्यूएल वाचणं हाच माझा पहिला महिना होता.

सी लिहायच्या आधी चाचण्या वाचा, असं मी कुणालाही सांगेन. कोड काय करतो ते तिथे साध्या एसक्यूएलमध्ये लिहिलेलं असतं.

तांबडीमाती | ५ जून, रात्री ११:२०

वाखूसा (वाचनखूण साठवली). मी सावंतवाडीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक विचारू का? मराठी शब्दांसाठी पोस्टग्रेसमध्ये पूर्णमजकूर शोध नीट चालत नाही. 'समुद्र' शोधलं की 'समुद्रावर', 'समुद्राच्या' सापडत नाही. यावर काम करता येईल का?

सुरंगी | ६ जून, सकाळी ८:१०

येईल, आणि व्हायलाच हवं. पण जागा वेगळी आहे. शब्दाचं मूळ काढणारे नियम पोस्टग्रेस स्नोबॉल नावाच्या प्रकल्पातून घेतं. हिंदी, नेपाळी, तमिळ तिथूनच आले. मराठीचे नियम आधी तिथे लिहावे लागतील. प्रत्यय काढण्याआधी सामान्यरूप ओळखावं लागतं (समुद्र, समुद्रा-), ही आपल्या भाषेची खरी अडचण. तुला व्याकरणाची आवड असेल तर नेपाळीचे नियम उघडून बघ. वेगळा धागा काढ, मी नक्की येईन.

पालवी | ९ जून, रात्री ११:४०

बांधून झालं. बायसन आणि फ्लेक्स नव्हते, आयसीयूची हेडर फाइल नव्हती, त्यात एक संध्याकाळ गेली. आज सगळ्या चाचण्या पार.

खाजणकाठ, सांगितलंत तसं पान उघडलं. पान ८१९२ बाइटांचं. सुरुवातीला २४ बाइटांचा मथळा, मग चार चार बाइटांच्या खुणा (प्रत्येकीत एका ओळीचा पत्ता) पुढून वाढत जातात आणि ओळी मागून. एक ओळ तीनदा अपडेट केली तर चार खुणा दिसल्या. पहिल्या तीन ओळींच्या एक्समॅक्समध्ये त्यांना संपवणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक, आणि प्रत्येकीचा सीटीआयडी पुढच्या ओळीकडे बोट दाखवतोय. साखळीच आहे. आमच्या टेबलाचं काय झालं होतं ते आज डोळ्यांनी पाहिलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

मग व्हॅक्यूम केला. दुसरी आणि तिसरी खूण रिकामी झाली. पहिली मात्र झाली नाही. तिच्या फ्लॅगमध्ये २ आहे आणि ऑफसेटच्या जागी ४. असं का?

खाजणकाठ | १० जून, सकाळी ७:३०

शाबास. हाच प्रश्न यावा म्हणून उत्तर राखलं होतं.

२ म्हणजे रीडायरेक्ट: 'मी इथे नाही, चौथ्या खुणेकडे जा.' इंडेक्स असता तर त्याने पहिल्या खुणेचा पत्ता धरून ठेवला असता. तुम्ही इंडेक्स असलेला कॉलम बदलला नाहीत आणि नवी ओळ त्याच पानात मावली, तर इंडेक्सला हात न लावता भागतं. जुन्या पत्त्यावर फक्त पुढचा पत्ता लिहून ठेवायचा. माणूस घर सोडून गेला तरी पोस्टमनला शेजारी सांगतात ना, तसं. तुमच्या टेबलाला इंडेक्स नसला तरी कोड हीच रीत पाळतो. याला हॉट म्हणतात. ८.३ आवृत्तीत, २००८ मध्ये हे आलं, आणि त्याचं मुख्य काम एका भारतीय अभियंत्याचं आहे, त्या आवृत्तीच्या नोंदींत नाव बघा. ॲक्सेस फोल्डरातल्या हीपमध्ये (टेबलाच्या ओळी साठवणारा कोड) 'रीडमी डॉट हॉट' आहे. दोनदा वाचा, पहिल्यांदा सगळं कळणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, मेली हे ठरवतं कोण. 'हीप ट्युपल सॅटिस्फाइज व्हॅक्यूम' हे फंक्शन शोधा. त्याच्या उत्तरांत 'मेलेली' आणि 'नुकतीच मेलेली' अशी दोन वेगळी उत्तरं आहेत. नुकतीच मेलेली म्हणजे संपलीय, पण अजून कुणाला तरी ती दिसू शकते. तुमच्या त्या हजारो ओळी दिवसभर याच अवस्थेत अडकल्या होत्या. ही सीमा कुठे आखली जाते ते 'कम्प्यूट एक्सआयडी होरायझन्स' मध्ये आहे, प्रोकॲरे डॉट सी फाइलीत. चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसवरून ते एक फेरी मारतं आणि सर्वात जुना ट्रान्झॅक्शन क्रमांक शोधतं. तुमच्या शेडमधल्या संगणकाने सकाळी काहीतरी लिहिलं होतं, म्हणून त्याला क्रमांक मिळाला होता, आणि संध्याकाळपर्यंत तोच सर्वात जुना. व्हॅक्यूमने त्याच्या अलीकडचं काही उचललं नाही, आणि ते बरोबरच केलं.

वाचून झालं की डीबगर लावा. एका खिडकीत पीएसक्यूएल उघडून पीजी-बॅकएंड-पीआयडी विचारा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस असते, त्यामुळे नेमकी तीच धरता येते. जीडीबी हा डीबगर तिला जोडा, 'हीप अपडेट'वर थांबा लावा, आणि पहिल्या खिडकीत अपडेट चालवा. थांबलं की बॅकट्रेस बघा. खालून वर: पोस्टग्रेस डॉट सी मधलं 'एक्झेक सिंपल क्वेरी', मग एक्झिक्युटर, मग हीप. तुमची एक ओळ सगळ्या इमारतीतून कशी गेली ते एका पडद्यावर येतं.

चिरेबंदी | १२ जून, दुपारी ४:००

वाचन उत्तम चाललंय, पण मला एक वेगळं मत मांडायचंय. पालवी यांनी हातभार लावायचाय असंही लिहिलंय. वाचनात वर्ष जाऊ शकतं. माझ्या मते त्यांनी याच महिन्यात दुसऱ्याचा पॅच (सुचवलेला कोडबदल) तपासायला घ्यावा.

पोस्टग्रेसमध्ये गिटहबवर पुल रिक्वेस्ट पाठवून काम होत नाही. पॅच पीजीएसक्यूएल-हॅकर्स या मेलिंग लिस्टवर जोडून पाठवतात, चर्चा तिथेच, आणि कमिटफेस्टच्या, म्हणजे पॅच तपासण्याच्या ठरावीक फेरीच्या, यादीत त्याची नोंद होते. कमिटफेस्ट वर्षातून पाच: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. एप्रिलच्या सुमाराला नव्या गोष्टी घेणं थांबतं आणि नवी आवृत्ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. आंब्याचं काम करणाऱ्याला हे वेळापत्रक मानवणारं आहे. मार्च ते मे तुम्हाला उसंत नसते, आणि १ जुलैला नवी फेरी सुरू होते.

यादीत 'नीड्स रिव्ह्यू' लिहिलेले कितीतरी पॅच माणसाची वाट बघत पडलेले असतात. कमिट करण्याचा हक्क मोजक्यांकडे आहे (अमित कपिला यांच्यासारखे भारतीयही त्यांत आहेत) आणि त्यांचा वेळ हीच सगळ्यात अपुरी गोष्ट. तुम्ही पॅच लावून बघितला, तो लागला का, बांधला गेला का, चाचण्या पार झाल्या का, दस्तऐवज बदललेत का, आणि सांगितलंय ते तो खरंच करतो का, एवढं नीट लिहिलंत तरी लेखकाचा आठवडा वाचतो. आणि तिथली रीतच आहे की जो पॅच पाठवतो त्याने तेवढ्याच आकाराचा दुसऱ्याचा एक तपासावा.

एक सावधगिरी. विकीवरच्या टूडू यादीतून विषय उचलू नका. त्यातल्या बऱ्याच गोष्टी अवघड आहेत किंवा नकोशा ठरल्या आहेत म्हणून तर वर्षानुवर्षं तिथे आहेत. मी पहिल्यांदा तिथूनच विषय घेतला आणि तीन महिने केलेलं काम सोडून द्यावं लागलं. मोठं काही करायचं असेल तर कोड लिहायच्या आधी लिस्टवर विचारा.

खाजणकाठ | १२ जून, रात्री ८:४५

चिरेबंदी, पटलं. मी वाचनाकडे झुकतो हे खरं. फक्त एवढंच जोडतो: व्हॅक्यूम किंवा हीपशी संबंधित पॅच घ्यावा. या दोन आठवड्यांत जे पाहिलं ते तिथे उपयोगी पडेल.

तांबडीमाती | १३ जून, रात्री १०:००

लिस्टवर इंग्रजीत लिहायला मला फार भीती वाटते. जगभरचे लोक वाचतात आणि ते कायमचं राहतं.

चिरेबंदी | १४ जून, सकाळी ९:१५

भीती मलाही होती. पण तिथे लिहिणाऱ्यांत जपानी, रशियन, ब्राझीलचे असे कितीतरी लोक आहेत, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही. वाक्यं छोटी ठेवायची. काय केलं, काय अपेक्षित होतं, काय दिसलं. साधा मजकूर, आणि ज्या वाक्याला उत्तर देतोय त्याच्या खाली उत्तर. सगळं पत्र खाली लोंबकळत ठेवायचं नाही. अगोदर महिनाभर नुसतं वाच. १९९० च्या दशकापासूनची पत्रं खुली आहेत. मोठमोठ्या लोकांचे पॅचही सात-आठ वेळा परत आलेले दिसतील. त्यातून भीती जाते.

पालवी | २४ जुलै, रात्री १२:१०

सहा आठवड्यांनी लिहितोय. मध्ये आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती.

चिरेबंदींचं ऐकलं. व्हॅक्यूमच्या लॉगमधल्या मजकुराशी संबंधित एक छोटा पॅच घेतला. लावायला गेलो तर लागेना, मधल्या काळात कोड पुढे गेला होता. लेखकाला कळवलं, त्याने दुसऱ्या दिवशी नवा पाठवला. तो लागला, चाचण्या पार झाल्या. मग मी माझ्या एप्रिलच्या प्रकाराची नक्कल केली: एका खिडकीत ट्रान्झॅक्शन उघडा ठेवला, दुसऱ्या खिडकीत हजार वेळा अपडेट, मग व्हॅक्यूम. त्या स्थितीत पॅचमधलं एक वाक्य दिशाभूल करणारं निघालं. सगळा क्रम लिहून पाठवला. पत्र लिहायला चार तास लागले, बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

लेखकाने वाक्य बदललं आणि आभार मानले. पॅच अजून कमिट झालेला नाही. झाला तर कमिट संदेशात 'रिव्ह्यूड-बाय'पुढे नाव येतं म्हणे. त्याची वाट बघतोय, लपवत नाही.

आता प्रोकॲरेमध्ये एक गोष्ट अडलीय. रेप्लिकेशन स्लॉटही (दुसरीकडे बदल पुरवण्यासाठी ठेवलेल्या नोंदी) हीच सीमा मागे खेचून ठेवतात, पण ते सामान्य टेबलांसाठी आणि कॅटलॉगसाठी वेगवेगळं का मोजलं जातं, ते कळलं नाही. खाजणकाठ, तुम्ही आहात का?

खाजणकाठ | २४ जुलै, सकाळी ७:२०

आहे. अभिनंदन, मनापासून. स्लॉटचं उत्तर लॉजिकल डीकोडिंगमध्ये, म्हणजे वॉलमधून ओळींचे बदल वाचून काढण्यात, आहे. जुन्या वॉलमधली नोंद उलगडताना त्या वेळी टेबलाचे कॉलम कोणते होते हे माहीत असावं लागतं, म्हणून कॅटलॉगच्या जुन्या ओळी जपून ठेवाव्या लागतात. तुमच्या पेट्यांच्या जुन्या ओळींची त्याला गरज नसते. सविस्तर लिहायला बसलो तर धागा भरेल.

दर्यावर्दी | २४ जुलै, सकाळी १०:४०

मग लिहू नका, बोला. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, मग भावाच्या होडीच्या कामात मी अडकेन. त्याआधीच्या रविवारी कणकवलीत भेटूया का? सगळ्यांना मधलं पडेल. पालवी, लॅपटॉप आण, पॅच लावलेली फांदी तशीच ठेव. तांबडीमाती, तू पण ये, सावंतवाडीहून पहिली गाडी धर.

सुरंगी | २४ जुलै, दुपारी १२:०५

मी येते. फळा आणि खडू माझ्याकडे आहे.